चुकीच्या उत्तरांचा पंचनामा

पोलीस खात्यातली माझी निम्मी प्रकरणं मी विसरलो आहे आणि विसरलो ते बरंच झालं. पण एका बाईच्या ओसरीवर बसून मी चुकीच्या उत्तरांचा पंचनामा केला होता, ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. आठवलं की आधी हसू येतं आणि हसून झालं की अंगावर काटा येतो.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कोणतं ठाणं ते विचारू नका. यात कुणाचंच नाव येणार नाही, कारण ही सगळी मंडळी अजून इथंच राहतात आणि बाजारात मला भेटतात.

ठाण्यासमोर रस्त्याच्या पलीकडे एका स्पर्धा परीक्षा क्लासचा भलामोठा फ्लेक्स लागला होता. एका सरळसेवा भरतीची लेखी परीक्षा नुकतीच झाली होती. आपल्याकडे परीक्षा झाली की दुसऱ्याच दिवशी प्रत्येक क्लासवाला छाती पुढे काढून सांगतो, की आमच्या पुस्तिकेतून इतके प्रश्न आले. खरं-खोटं कुणी तपासत नाही. या फ्लेक्सवर क्लासच्या संचालकांचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली लाल अक्षरांत, ‘आमच्या सराव पुस्तिकेतून १४ प्रश्न जसेच्या तसे! पर्यायांसह!!’ रोज सकाळी जीपमधून उतरताना मी ते वाचत होतो. तीस वर्षांची नोकरी, पुरावा समोरच्या खांबाला टांगलेला, आणि माझ्या मनात एवढंच यायचं, की फोटोत हा माणूस फारच जाडा दिसतो.

महिन्याभराने परीक्षेचा निकाल लागला आणि त्याच्या चौथ्या दिवशी निनावी अर्ज आला. अर्जदार बहुधा नापास झालेला उमेदवार असावा, कारण अक्षर सुंदर होतं आणि राग खरा होता. सोबत त्याने परीक्षेचा पेपर आणि क्लासची पुस्तिका, दोन्ही जोडलं होतं. पुस्तिकेवर छापलं होतं ‘यंदाची नवी आवृत्ती’ आणि ती परीक्षेच्या दहा दिवस आधी बाजारात आली होती. चौदा प्रश्न खरंच सारखे होते. नुसते प्रश्न नाहीत, चारही पर्याय सारखे, त्यांचा क्रमही सारखा. अर्जात शेवटी लिहिलं होतं, ‘पेपर फुटल्याशिवाय हे कसे शक्य आहे, हे कृपया ठाण्यासमोरील फ्लेक्स वाचून ठरवावे.’

आवक नोंदवहीत अर्जाची नोंद झाली आणि मी संचालकांना बोलावलं. ते यायच्या आधी फ्लेक्स उतरला. खांब मोकळा आणि समोर घामाघूम संचालक.

“साहेब, थे जाहिरात होती हो,” ते म्हणाले. “जाहिरातीत माणूस वाढवूनच बोलते.”

“चौदा मोजले मी. वाढवलं कुठे?”

वाढवून सांगितलं असतं तर सुटले असते. आयुष्यात एकदा खरी जाहिरात केली आणि तोंडघशी पडले.

मी मागच्या वर्षीची पुस्तिका मागितली. ती नव्हती. “जुना माल आमी ठेवतच नाही साहेब. आतलं सारं तेच राह्यते, पण दरसाल कव्हर बदलून ‘नवी आवृत्ती’ छापतो. जुनं पोट्टे कायले घेतीन?” म्हणजे प्रश्न दोन वर्षांपूर्वीचे आहेत की परीक्षेच्या दहा दिवस आधीचे, हे सांगणारा एक कागदही या गृहस्थांनी शिल्लक ठेवला नव्हता. मग रडवेल्या आवाजात म्हणाले, “प्रश्न आमी बनवतच नाही साहेब. बाहेरून बनवून घेतो. एक मॅडम आहेत.”

मॅडम आमच्याच हद्दीत, कळंबच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात राहत होत्या. पूर्वी कॉलेजात तासिकेवर शिकवायच्या. तास बंद झाले, तेव्हापासून घरी बसून चार-पाच क्लासेसना प्रश्न लिहून द्यायच्या. नगावर काम. प्रश्न पसंत पडला तर पैसे, नाही तर परत.

माझ्यासोबत जबाब लिहून घ्यायला, रायटर म्हणून, एक महिला हवालदार होती, हुशार आणि तोंडाने फटकळ. ती स्वतः खात्यांतर्गत फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने तासाभरात माहिती काढली. मॅडमनी ती परीक्षा स्वतःही दिली होती. निवडीच्या प्राथमिक यादीत त्या अकराव्या होत्या. वयाच्या मर्यादेमुळे त्यांची ही शेवटची संधी होती आणि येत्या सोमवारी यवतमाळला कागदपत्रांची पडताळणी होती.

मी टेबलावर थाप मारली. झालं! प्रश्न हिच्याकडे, पेपर हिच्याकडे, नोकरीही हिलाच. अहो, इतकं सरळ प्रकरण मला नोकरीत मिळालं नव्हतं. वरिष्ठांना फोन केला. तेही खूश झाले. म्हणाले, “सोमवारच्या आत गुन्हा दाखल करा. आधी जबाब घ्या.” पेपरफुटीचा कायदा आता फार कडक आहे. गुन्हा दाखल झाला असता तर तिचं नाव यादीतून गेलं असतं, नोकरी गेली असती आणि लवकर जामीनही झाला नसता. त्या वेळी मला यातलं काहीही वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या राहत्या घरी जावं लागतं. ठाण्यात आपली खुर्ची असते, टेबल असतं, बाहेर कुणीतरी ओरडत असतं. त्याने निम्मं काम होतं. इथे मी ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो होतो, पायाशी तुरीच्या शेंगांची पाटी होती आणि मॅडमच्या सासूबाईंनी मला न विचारता दुसरा कप चहा ओतला होता.

“घ्या जी साहेब. काहून आले तुमी? सुनेनं काय केलं?”

“मावशी, तुम्ही आत बसा. आम्हाला सरकारी काम आहे.”

“बसतो ना. आतूनई आयकू येते.”

मॅडम समोर चटईवर बसल्या. पस्तिशीच्या पुढच्या, चष्मा लावलेल्या, ओढणीला शाईचा डाग. घाबरल्या होत्या. मी खूश झालो. घाबरलेला माणूस लवकर बोलतो, हा माझा अनुभव. मी माझा नेहमीचा, हमखास लागू पडणारा प्रश्न टाकला.

“पेपर तुमच्या हातात परीक्षेच्या किती दिवस आधी आला? दोन, चार की आठ?”

त्यांनी मान वर केली. घाबरलेल्या होत्या, पण कपाळावर आठी पडली. आमच्या एका जुन्या शिक्षकांच्या कपाळावर अशी आठी पडायची.

“साहेब, यात ‘आलाच नाही’ हा पर्याय कुठे आहे?”

“काय?”

“तुम्ही तीन पर्याय दिले. तिन्हींत पेपर आलाच आहे. बरोबर उत्तर पर्यायांत नसलं तर सोडवणाऱ्यानं काय करावं? असा प्रश्न मी क्लासला दिला ना, तर तो परत येतो. पैसेही मिळत नाहीत.”

हवालदारीण लिहायची थांबली. मी तिच्याकडे डोळे वटारले. मग आवाज चढवला.

“पेपर तुम्ही पाहिला नव्हता असं तुम्ही म्हणू शकत नाही, नाही का?”

मॅडमनी बोटं मोजली. “साहेब, यात तीन ‘नाही’ आहेत. मी ‘हो’ म्हटलं तर काय होते? पाहिला होता की नव्हता?”

मी मनात हिशेब केला. खरं सांगतो, मलाच लागेना. मी हवालदारणीकडे पाहिलं. तिने वहीत काहीतरी खोडलं.

“प्रश्नात ‘नाही’ एकदाच टाकायचा असतो,” मॅडम हळूच म्हणाल्या, “आणि त्याच्याखाली रेघ मारायची असते. नाही तर येणारं पोरगंही चुकते.”

“मी परीक्षा घेत नाहीये!” मी ओरडलो.

“घेऊन तं राह्यले,” आतून सासूबाई.

माझं डोकं फिरलं. सरळ पुरावा समोर टाकावा म्हणून मी पेपर उघडला आणि सदतिसावा प्रश्न मोठ्याने वाचला. “एक बाई दिवसाला चाळीस किलो कापूस वेचते, तर पाच बाया तीन दिवसांत किती किलो कापूस वेचतील? पर्याय...”

“चारशे ऐंशी!” आतून आवाज आला.

मी पुस्तिकेवरून पेपरावर आणि पेपरावरून पुस्तिकेवर नजर टाकली. बरोबर उत्तर सहाशे. पण दोन्हीकडे तिसरा पर्याय होता, ४८०. मी पर्याय वाचलेच नव्हते. माझ्या मनात पहिला विचार आला, तो असा, की म्हातारीही टोळीत आहे.

“मावशी, बाहेर या. हा आकडा तुम्हाला कुणी सांगितला?”

त्या हात पुसत बाहेर आल्या. “सांगते कोन? माहं उत्तर हाय थे! साहेब, तुमच्या घरी कापूस हाय काय?”

“नाही.”

“मंग तुमाले कसं कयन? पाच बाया सांगतल्या तं त्यायच्यातली एक नुसती बोलत राह्यते. थे वेचत नाही. नवऱ्याचं सांगन, जावेचं सांगन, पन ओटीत बोंड नाही. म्हून चारच बाया धरा. चार चाळीस एकशे साठ, अन् तीन दिसाचे चारशे ऐंशी. पुस्तकवाल्यायले हे कयत नाही.”

“बरोबर आहे साहेब,” हवालदारीण म्हणाली. “आमच्या शेतातही एक असतेच.”

“तू लिही!”

मॅडम उठल्या आणि आतून दोनशे पानी वही घेऊन आल्या. वहीवर लिहिलं होतं, ‘चुका’. आत रकाने पाडलेले. प्रश्न, कोणाला विचारला, काय उत्तर दिलं, का दिलं, तारीख. पानामागून पान, गावातली सगळी माणसं त्यात होती. गिरणीवाला, किराणावाली, अंगणवाडीतली बाई, शिंपी, निवृत्त बस ड्रायव्हर.

“बरोबर उत्तर पुस्तकात मिळते साहेब,” त्या म्हणाल्या. आता भीती गेली होती. “चुकीचं उत्तर माणसाजवळूनच आणावं लागते. मनानं बनवलेली चूक मुलं लगेच ओळखतात. म्हणून मी प्रश्न आधी पर्याय न देता लोकांना विचारते. दळण टाकायला गेली की गिरणीत विचारते, ब्लाउज टाकायला गेली की टेलरला विचारते. ज्या चुका मिळतात त्या पर्यायांत टाकते. खऱ्या माणसाची चूक समोर आली की मुलगा तिथं थांबतो. त्याला वाटते, अरे, हेही बरोबर असू शकते. मग तो विचार करतो. चांगला प्रश्न म्हणजे तेवढंच.”

सदतिसाव्या प्रश्नापुढची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात ‘आई’ आणि कारणाच्या रकान्यात ‘एक बोलत राहते’.

“हे चौदा प्रश्न पेपरात दिसले तेव्हा काय वाटलं तुम्हाला?” मी विचारलं. बघा, हा माझा पहिला सरळ प्रश्न होता.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, “आधी आनंद झाला. माझे प्रश्न एवढ्या मोठ्या परीक्षेला आले म्हणून. मग घाम फुटला. हात वर करून सांगावं असं वाटलं. नाही सांगितलं. शेवटची संधी होती साहेब. कुणी विश्वास ठेवला नसता आणि पेपर हातातून काढून घेतला असता. भिऊन गेली मी.” त्यांनी हवालदारणीच्या वहीकडे बोट दाखवलं. “तेवढं माझं चुकलं. जबाबात लिहा.”

“आणि चौदाही तुम्ही बरोबर सोडवले.”

“तेरा.”

“काय म्हणता?”

त्यांनी उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत माझ्यापुढे ठेवली. सदतिसाव्या प्रश्नासमोर तिसरा गोल काळाभोर केलेला होता. चारशे ऐंशी.

“दोन वर्षं रोज जेवताना हा एकच वाद,” त्या खाली मान घालून म्हणाल्या. “मीच त्यांना समजावत होती. परीक्षेत घाई झाली आणि मलाच त्यांचं पटलं.”

सासूबाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी जन्मात विसरणार नाही. “पाहा! मी म्हनतच होती!”

आता मात्र मला विचार करावा लागला. जिच्याकडे फुटलेला पेपर आहे ती आपल्याच प्रश्नाचं उत्तर चुकवील कशाला? आणि बरोबर उत्तर काय, कोणाही दोघांचं सारखं येतं. पण चूक सारखी यायला, मोठ्या शहरात बसून पेपर काढणाऱ्या तज्ज्ञाला या मावशींच्या शेतातली बोलकी बाई कुठून माहीत असणार? तरीही वही घरची होती. तारीख कालही घालता येते. म्हणून मी दोन पंच बोलावले, वही हातात घेतली आणि पेपर घेऊन गल्लीत निघालो.

निवृत्त ड्रायव्हर पारावर बसले होते. मी विचारलं, बस नऊ वाजता निघाली, ताशी चाळीस किलोमीटरने साठ किलोमीटर जायचं आहे, किती वाजता पोचेल? बरोबर उत्तर साडेदहा. ड्रायव्हर म्हणाले, “दहा पन्नास.”

“वीस मिनिटं कशाची?”

“चहा नाही प्यायचा काय मानसानं?”

वहीत दहा पन्नास. पुस्तिकेत दहा पन्नास. पेपरात दहा पन्नास. पंचांनी सह्या केल्या.

शिंप्याला विचारलं, एका शर्टाला सव्वादोन मीटर कापड, तर चार शर्टांना किती? हिशेबाने नऊ मीटर. शिंपी मशिनवरून न उठता म्हणाला, “साडेआठ.” वहीत साडेआठ, पेपरात साडेआठ. हवालदारणीने जबाब लिहिला, ‘मी सदर प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिले होते’, आणि त्याच्यापुढे सहीला धरला. शिंप्याने वाचला आणि पेन परत केलं.

“चुकीचं कायचं? चार शर्ट एकदम कापले तं अर्धा मीटर वाचते. मी सही नाही करत.”

“अहो, पण गणितात नऊच येतात.”

“मंग गणितवाल्याकून शिवून घ्या.”

अर्धा तास हुज्जत झाली. बाजूचे चार जण जमले आणि शिंप्याच्या बाजूने बोलू लागले. दोन पंचांपैकी एकाने तर माझ्यासमोरच त्याला दोन शर्टांचं माप दिलं. शेवटी जबाबात ‘चुकीचे’ खोडून ‘पेपरातील उत्तराशी न जुळणारे’ असं लिहावं लागलं, तेव्हा कुठे सही मिळाली. त्या दिवशी मी नऊ चुका पंचनाम्यात घेतल्या. नऊपैकी एकाही माणसाला आपण चुकलो असं वाटत नव्हतं.

परतताना जीपमध्ये हवालदारीण हसत होती. मी हसत नव्हतो. मला कितीतरी वर्षांपूर्वीचा एक सालदार आठवत होता. मालकाच्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला होता आणि मी त्याला विचारलं होतं, “पंप तू एकट्यानं काढलास की कुणी मदत केली?” तो बिचारा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “एकट्यानं.” चार दिवस तो कोठडीत होता. पंप निघाला मालकाच्याच भावाच्या मळ्यात. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, की कसा मूर्ख माणूस, न केलेली चोरी कबूल करतो! त्या दिवशी जीपमध्ये पहिल्यांदा कळलं, की त्याच्यापुढे मी दोनच पर्याय ठेवले होते आणि दोन्हींत तो चोर होता. त्यातला त्याने कमी माणसं अडकतील असा निवडला. मला माझी शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी हवालदारीण ठाण्यात धावतच आली. हातात फाटक्या कव्हरची एक पुस्तिका. “साहेब, अभ्यासाला मी वाचनालयात जाते ना, तिथं ही जुनी पुस्तिका दिसल्यासारखी वाटत होती. आज शोधली.” पहिल्या पानावर सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का, दाखल क्रमांक आणि दीड वर्षापूर्वीची तारीख. मी स्वतः जाऊन ग्रंथपालांची दाखल नोंदवही पाहिली, नक्कल घेतली. चौदाही प्रश्न त्या पुस्तिकेत होते, चारशे ऐंशीसकट. पेपर काढायचं काम तर तेव्हा सुरूही झालं नव्हतं. म्हणजे पेपर फुटून पुस्तिकेत आला नव्हता. पुस्तिकाच पेपरात गेली होती. तज्ज्ञ महाशयांनी डोकं न लावता प्रश्न उचलले होते आणि उचलताना मावशींची बोलकी बाईही सोबत नेली होती.

सोमवारी सकाळी वरिष्ठांचा फोन आला. मॅडमची पडताळणी अकरा वाजता होती. फोन आला तेव्हा साडेनऊ झाले होते.

“त्या बाईनंच पेपर फोडला ना? हो म्हणा, म्हणजे दुपारी पत्रकारांना बोलावतो.”

असल्या प्रश्नाला मी जन्मभर ‘हो साहेब’ म्हणत आलो. तोंडात आलंच होतं. पण गिळलं. म्हणालो, “साहेब, याचं उत्तर हो-नाहीत बसत नाही. अहवाल पाठवला आहे. आधी तो वाचा, मग मला विचारा.”

पलीकडे खुर्ची करकरली. मग, “तुमची निवृत्ती कधी आहे?”

“पुढच्या वर्षी साहेब.”

“मग बरं आहे.” फोन बंद.

ते दोन तास मी ठाण्यात येरझारा घातल्या. साडेअकराला पुन्हा फोन वाजला. वरिष्ठ म्हणाले, “वाचला. पटलं. गुन्हा नोंदवू नका, अहवाल परीक्षा घेणाऱ्यांकडे जाऊ द्या.” मग आवाज खाली आणून, “ते टेलरचं खरं आहे का हो? माझी बायकोही तेच म्हणते. मी उगाच नऊ मीटर आणत होतो.”

तज्ज्ञांना पुढे पेपरच्या कामातून काढलं. पण माझ्या अहवालाचा आणखी एक परिणाम झाला, जो मी धरला नव्हता. प्रश्न आधीच छापलेले होते, म्हणून ते चौदाही रद्द झाले. सगळ्यांचे गुण नव्याने मोजायचे ठरले. मॅडमचे तेरा गुण गेले. ज्या अहवालाने त्यांना कोठडीपासून वाचवलं, त्याच अहवालाने त्यांची नोकरी धोक्यात आली.

हे मी स्वतः जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाल्या, “बरोबरच झालं साहेब. ज्यांनी पुस्तिका घेतली त्यांना फुकटचे मार्क मिळाले होते, मलाही. त्यांच्या जागी मी असती तरी रद्दच केले असते.” आणि आत निघून गेल्या. सासूबाई मात्र माझ्यावर कडाडल्या.

“तुमीच बुडवली माही सून! अन् माहा प्रश्नई रद्द केला त्यायनं. आता चारशे ऐंशी बरोबर का सहाशे, थे कोन सांगन?”

सुधारित यादी यायला तीन आठवडे लागले. मी रोज मोबाइलवर पाहत होतो, माझ्या स्वतःच्या मुलाच्या निकालाला मी इतका जागा नव्हतो. यादी आली, तेव्हा मी वरून वाचत गेलो. अकरावर नाव नव्हतं. विसावर नव्हतं. यादी संपत आली आणि शेवटून दुसऱ्या ओळीत नाव सापडलं. मी ठाण्यात एवढ्या मोठ्याने ओरडलो की लॉकअपमधला आरोपी उठून उभा राहिला.

पुढच्या महिन्यात चारित्र्य पडताळणीच्या कागदांच्या गठ्ठ्यात मॅडमचा कागद माझ्या टेबलावर आला. रुजू होण्याआधी तो लागतो. त्यावर एक ठरलेली ओळ असते, ‘सदर व्यक्तीविरुद्ध या ठाण्याच्या अभिलेखावर कोणताही गुन्हा नोंद नाही.’ या ओळीखाली मी नोकरीत हजारो सह्या ठोकल्या आणि एकदाही ती वाचली नाही. प्रश्न कसा विचारला, यावर माणसाचं काय होतं, हे मला एका प्रश्न लिहिणाऱ्या बाईने निवृत्तीच्या तोंडावर शिकवलं. उशीर झाला होता, पण शिकलो. उरलेल्या वर्षात मी एकालाही ‘तूच ना रे?’ असं विचारलं नाही. काही चोर सुटलेही असतील.

त्या दिवशी मी ती ओळ पूर्ण वाचली आणि सही करायला पेन उघडलं. तेव्हा लक्षात आलं, की सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता मी फोनवर ‘हो साहेब’ म्हणालो असतो, तर हा कागद आलाच नसता; याच नावाच्या अटकेच्या कागदावर मीच सही केली असती, फक्त ओळ दुसरी असती. आणि तीही मी वाचली नसती.